‘वाचा’ कोणाकडे जाईल

मी, सौ. वसुधा नंदकुमार टिपणीस, वय चौसष्ट, राहणार नाहूर, मुलुंड पश्चिम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतः टाइप करून लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. काळजीचं कारण नाही म्हणतात. नसेलही, पण कागद तयार असलेला बरा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहता फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो माझे पती श्री. नंदकुमार यांना हयातभर, त्यांच्यामागे मुलगी शर्मिष्ठा हिला. शर्मिष्ठा, बाबांना तुझ्याकडे ने, पण ते स्वतःहून म्हणाले तरच.

२. बँकेतल्या ठेवी दोघांना निम्म्या निम्म्या. दागिने शर्मिष्ठाला. मोत्यांच्या कुड्या मोडायच्या नाहीत, आत्ताच सांगते.

३. माझा जुना लॅपटॉप नंदकुमारना. जावईबापूंनी ‘जरा अपडेट करून देतो’ म्हणत त्याला हात लावू नये. त्यावर ‘वाचा’ चालते.

‘वाचा’ म्हणजे पडद्यावरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. नंदकुमार छापखान्यात मुद्रितशोधक होते. काचबिंदूने दृष्टी गेली, तेव्हापासून पेपर, पत्रं, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळं तीच वाचते. निवृत्तीनंतर मी ‘शिदोरी’ या स्वयंसेवकांच्या गटात शिरले. प्रोग्रॅमचा मूळ कोड घेऊन त्यातून लोकांच्या कॉम्प्युटरवर चालेल अशी वस्तू तयार करायची, हे आमचं काम; त्याला बिल्ड म्हणतात. पगार नाही, शिव्या भरपूर. ‘वाचा’ माझ्याकडे आली. तिचं बिल्ड होत राहिलं नाही तर नव्या कॉम्प्युटरवर ती मिळणार नाही, आणि जुना लॅपटॉप तग धरून धरून किती धरणार? माझ्यामागे तिला कोण सांभाळेल, हा कागद लिहायला बसले तेव्हा एवढाच घोर मला होता.

४. जो कोणी सांभाळेल त्याच्यासाठी. बिल्ड अडलं की लोक ‘काकू, वाट लागली!’ लिहून शेवटच्या लाल ओळीचा फोटो पाठवतात. गोराईच्या राधाने तर स्वतःच्या अंगठ्यासकट पाठवला होता. चिडू नये. पूर्ण लॉग मागावा, म्हणजे बिल्ड होताना कॉम्प्युटर ओळीओळीने लिहीत जातो ती सगळी नोंद. शेवटची ओळ नुसती बोंब मारते, चूक वर कुठेतरी आधीच झालेली असते. मला तर बिल्ड कोसळलं की आधी गंमत वाटते. काल चालत होतं, मग आज काय बदललं? हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने या फंदात पडू नये.

५. श्री. विशाल काळसेकर, राहणार घाटकोपर, हे शिदोरीतले माझे सहकारी. जुलैपासून ‘वाचा’चं बिल्ड कोसळायला लागलं. ‘वाऱ्यावर’ नावाची आवाजाची फाइल सापडत नाही म्हणे. अरे, फाइल तर डोळ्यांसमोर! विशालने माझी तक्रार तीनदा बंद केली. “काकू, माझ्याकडे झकास चालतंय ना. तुमचंच काहीतरी आहे.” हे मी माफ केलेलं नाही. तरी पोरगा चिवट आहे, म्हणून या कलमाच्या पहिल्या मसुद्यात ‘वाचा’ त्याच्याच नावे लिहिली होती.

मसुदा नंदकुमारना ऐकवला. ते म्हणाले, “मला विचारलंस?”

“अहो, पण तुम्हाला दिसत...”

“तो लॉग लाव.”

‘वाचा’ पहिल्या ओळीपासून लॉग वाचायला लागली. दोन दुपारी ते बसून होते. मी कंटाळून भाजी निवडत होते, तोच ओरडले, “थांब! आत्ता ती काय म्हणाली? मागे घे.” आधी ती सरळ ‘वाऱ्यावर’ म्हणाली होती, खाली तेच नाव आलं तिथे ‘वा, र, टिंब’ अशी अडखळली. हा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकसंध, नाहीतर र आणि खाली वेगळं टिंब. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. बिल्डला लागणाऱ्या फाइलींच्या यादीत एक होता, फाइलच्या नावात दुसरा. विशालचा कॉम्प्युटर दोन्ही एकच मानतो, माझा मानत नाही. बघून कोणाला कळणार होतं कपाळ? दोन्हीकडे एकच ऱ केला आणि बिल्ड पार पडलं.

“आम्ही प्रूफं नेहमी मोठ्याने वाचून ताडायचो,” ते म्हणाले. “तू कधी विचारलंच नाहीस.”

मला लाज वाटली. चाळीस वर्षांचा संसार, आणि त्यांची सोय लावताना मी त्यांनाच मोजलं नव्हतं.

६. मग ‘माझ्या पश्चात वाचा नंदकुमारना’ असं लिहिलं. ते म्हणाले, “मरेपर्यंत कशाला थांबायचं?” वकील म्हणाले, मृत्युपत्र हयातीत लागू होत नाही. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी तिच्यात बदल करण्याचे सगळे हक्क मी त्यांच्या नावे केले. विशाल रोज फोनवरून शिकवतो; दोघं तासन्‌तास हसत असतात. त्यामुळे ‘वाचा’ आता माझी नाही आणि या मृत्युपत्रात तिची वाटणी नाही.

काल सवयीने मी तिच्यात एक बारीक दुरुस्ती करायला गेले. पडद्यावर आलं: ‘तुम्हाला परवानगी नाही. नंदकुमार टिपणीस यांच्याशी संपर्क साधा.’ इतक्या वर्षांत कुठल्याच एररने मला एवढा आनंद दिला नव्हता.

वरील मजकूर ‘वाचा’कडून ऐकून, तो माझाच असल्याची खात्री करून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: वसुधा नंदकुमार टिपणीस
साक्षीदार: १. डॉ. मनाली सबनीस, नाहूर २. विशाल काळसेकर, घाटकोपर (कलम पाच वाचून सही केली)
ठिकाण: नाहूर, मुंबई
दिनांक: ५ ऑक्टोबर २०२५