ओट्याची उंची

पुणे, शुक्रवार

अंगददादा,
नमस्कार. रीत म्हणून घातला, लगेच खूष होऊ नको.

मी बराबर आहे. मेसची भाजी बेचव असती, पण उपाशी न्हाई, आईला सांग. सोयाबीन निघालं का?

इथल्या शहाण्यांचं काय सांगू! आमच्या इंटिरिअर डिझाइनच्या वर्गातल्या एकीनं हॉलच्या नकाशात जातं मांडलं अन् त्यात मनीप्लँट लावला. सर म्हणे, वा, मातीशी नातं! त्या पोरीनं जन्मात मूठभर ज्वारी दळली नसंल.

पण तू त्यांच्याहून वरचढ. "आमची आकांक्षा पडदे लावायला चार वर्षं शिकून राह्यली," असं परतूरभर सांगतो म्हणे. मंग तूच पाठवलेला नव्या स्वयंपाकघराचा फोटो बघ. मिस्त्रीनं भिंतीवर ओट्याची खूण स्वतःच्या कमरेच्या उंचीला मारली, अन् शेजारी तू मान डोलवत उभा! जुना ओटाबी त्यानंच असाच बांधल्ता. भाकरी थापायला मिस्त्री येणार आहे का?

आईचा खांदा वयानं दुखत न्हाई. वीस वर्षं ती पाटावर चढून, हात वर उचलून भाकरी थापती. मी रोज बघत होते, पण मलाबी ही अक्कल इथं येऊनच आली.

फोनवर तू नुसता अंगठा पाठवून मोकळा होतो, म्हणून कागदावर लिहिलं. ओटा बांधायच्या आधी आईला भिंतीशी उभी कर. तिच्या कोपराच्या चार बोटं खाली खूण मार.

ती सवयीनं पाट ओढून त्यावर उभी राहील. तो आधी काढ.

तुझी पडदेवाली बहीण,
आकांक्षा