माझ्याच कमरेचा दोर

प्रिय खारुताई,

चार महिने तू बोलत नाहीस. फोन कापतेस, पत्र निदान फाडण्यासाठी तरी हातात घेशील.

आधी सांगतो, मी धडधाकट आहे. आणि तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नाही, तेव्हा तोंड बंद ठेव. मंगळवारी प्लंबरबरोबर आपल्या गच्चीवरच्या टाकीवर चढलो. दोन मजले उंच खांबांवरची ती टाकी. वर पोचतोय तोच लोखंडी शिडी निखळून खाली कोसळली. कोसळताना तिचा पत्रा प्लंबरच्या पोटरीला लागला, रक्त थांबेना. फोन खाली पिशवीत. हाताशी फक्त सामान ओढायचा दोर.

कमरेला विळखा, दोन्ही टोकं मांड्यांमधून मागे, तिथून वर कमरेच्या दोरात, डावीकडे गाठ. अर्ध्या मिनिटात त्याला बांधलं आणि जाड पाइपाला दोराचा वळसा देऊन अलगद खाली सोडलं. तो खालून म्हणाला, अग्निशमन दलाला बोलावतो. म्हटलं, खबरदार. तीस वर्षं ज्या दलात लोकांना उतरवलं, त्यांनीच आता मला उतरवायचं? नाक कापलं जाईल माझं. तू फक्त दोर धर.

मग दोर वर ओढून स्वतःच्या कमरेला लावला आणि हात थिजले. दलात मला तयार पट्टा असायचा. दोराने बांधायचो ते अडकलेल्यांना, समोर उभं राहून. स्वतःला कधीच नाही. सगळंच उलटं दिसायला लागलं. दोनदा बांधलं, दोनदा सुटलं. खरंच घाबरलो गं.

तेव्हा तू आठवलीस. दहा वर्षांची, माझ्याकडून हीच गाठ शिकून स्वयंपाकघरात मला बांधणारी. माझ्या अंगावर दोर बांधला तो फक्त तू, एकदाच. पोट आत घ्या, म्हणून दटावत होतीस. तुझे हात कुठून कुठे गेले, कुठे चिमटा बसला, ते कमरेला बरोबर आठवलं. डोळे मिटले, पोट आत घेतलं, तसंच बांधलं. वरच बसून झटके देऊन पाहिलं. गाठ हलली नाही. मग उतरलो.

तू दलाचा अर्ज भरलास तेव्हा मी म्हणालो होतो, तुझ्या हाती कुणाचा जीव सोपवणार नाही. चुकलो. भीती तुझ्याच जिवाची होती, ते सांगायला जीभ रेटली नाही. सोमवारी तुझी दोराची परीक्षा आहे, हे आईकडून कळलं. सरावाला बांधायला कुणीतरी लागेलच. रविवारी येऊ का? पोट आत घेईन.

तुझाच,
बाबा