नातू आमचा रडत न्हाई

॥ श्री ॥
पलूस, ता. ८ नोव्हेंबर १९७६

रा. रा. जयपाल चौगुले, मुक्काम सांगली, यांस आदगोंडा पाटलाचा जय जिनेंद्र.

पत्रास कारण की, काल तुमची लेक सांगलीच्या एस.टी.त बसवून दिली, ती पोचली असंलच. का धाडली ते तिला इचारू नका, तिला ऐकाय येणार न्हाई. पावणं, तुमी बहिरी पोरगी आमच्या गळ्यात बांधली. चार वर्सं आमी गप बसलो. हाक मारली तर वळत न्हाई, ताट मागितलं तर तांब्या देतीया. पर परवा हद्द झाली. आमचा नातू अजित पाळण्यात टाहो फोडत हुता आन् ही दोन हातांवर त्येच्याकडं पाठ करून जोंधळं निवडत बसली हुती. आमच्या गिरणीवर दळण घेऊन आलेल्या राहीबाईनं आत जाऊन पोरगं उचललं आन् भर गिऱ्हाइकांत आमची अब्रू काढली. कलगोंडा माझा गरीब हाय, बायकोला बोलत न्हाई. म्हणून मी बोललो.

नातू हितंच ऱ्हाईल. दीड वर्साचं झालंय, त्येचं दुधावाचून अडत न्हाई. बहिऱ्या बाईच्या हातात त्येला द्यायला मी खुळा न्हाई. न्यायला येऊ नका, आलासा तर उंबऱ्यावरनं माघारी जाशीला.

ईहीणबाईंस्नी नमस्कार. तुमाला काय सांगाय ते वर सांगितलंय.

आपला,
आदगोंडा पाटील


॥ श्री ॥
सांगली, ता. १३ नोव्हेंबर १९७६

रा. रा. आदगोंडा पाटील यांस जयपाल चौगुले याचा जय जिनेंद्र. पत्र मध्येच न फाडता शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

पोराचं दुधावाचून अडत नाही म्हणता? आईचं अडतं. सहा दिवस चंदनबाला छाती घट्ट बांधून बसली आहे आणि ठणक्यानं कळवळते आहे. एकटीला एस.टी.त बसवून देताना तुम्हांला लाज कशी वाटली नाही?

बहिरी मुलगी दिली म्हणता. मुलगी पाहायला आलात तेव्हा आमच्या सोप्यात बसून तुम्ही भावाच्या कानात कुजबुजला होतात की पोरगी जरा काळीच आहे. ते तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं आणि दोन दिवस जेवली नव्हती. मग ते कान गेले कुठं? तुमच्या गिरणीत गेले. लग्न झाल्यावर गडी काढलात आणि सुनेला दळायला उभी केलीत. इंजन घराच्या भिंतीला चिकटून, आणि वर धुराच्या नळीवर तो पत्र्याचा डबा उपडा बसवलेला. का, तर आवाज आणखी कर्कश व्हावा आणि चार वाड्यांना कळावं की पाटलाची गिरणी चालू झाली! मी एक दिवस मुक्कामाला आलो होतो, तर घरी येऊन जेवायला बसलो तरी डोक्यात पुक पुक चालूच होती.

मिरजेच्या डॉक्टरांना तिचे कान दाखवले. जन्माचं नाही, आवाजानं झालंय, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आतली नस मरते ती परत येत नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात, पाखरांचे, बांगड्यांचे, लेकराच्या रडण्याचे. जाडा आवाज पुष्कळ दिवस ऐकू येतो, त्यामुळे आपलं काही गेलंय हे माणसाला कळतच नाही. शिवाय झोप उडते, डोकं दुखतं, रक्तदाब वाढतो आणि माणूस चिडखोर होतो. हे शेवटचं ऐकून मला तुमची आठवण झाली. डबा काढा, धुराची नळी दगडगोटे भरलेल्या खड्ड्यात सोडा, इंजन घरापासून लांब न्या आणि कानांत बोळे घाला, असं त्यांनी बजावलं आहे.

आठ दिवसांत नातू पाठवा, नाहीतर समाजाचे पंच घेऊन येतो. सौ. आक्काताईंना नमस्कार. तुमच्यावर लोभ होता, तो तुम्हीच आटवलात.

आपला,
जयपाल चौगुले


॥ श्री ॥
पलूस, ता. १८ नोव्हेंबर १९७६

रा. रा. जयपाल चौगुले यांस जय जिनेंद्र.

तुमचं पुराण वाचलं. आवाजानं कान जातात म्हणं! मग समदे तांबट-लोहार बहिरेच झाले असते की. माझं उभं आयुष्य गिरणीत गेलं, माझ्या कानाला काय धाड भरलीया? गडी माणूस रस्त्यावरनं हाक मारतंय आन् मी ओ देतो. उलट तुमीच आलासा की देवळात बसल्यागत पुटपुटता. काय म्हणता ते आमच्या घरात कुणालाच कळत न्हाई. आधी तोंड उघडून बोलाय शिका, मग डाक्तरकी सांगा.

डबा काढा म्हणं! वढ्यापल्याड मानसिंगानं गिरणी घातलीया आन् माझ्यापरास मोठा डबा बसवलाय. वाडीवरनं निघालेली बाई डोक्यावर दळण घिऊन आवाजाच्या रोखानं येती. माझी गिरणी मुकी झाली तर ती त्येच्याकडं वळंल. उंब्रजच्या गिरणीवर ही युक्ती बघून आलो, पलूसात पैला डबा माझा हाय. तो काढून मानसिंगापुढं नाक घासू व्हय?

नातवाची काळजी तुमी करू नका. आई गेल्यापासनं एकदाबी रडलं न्हाई. पाळण्यात घातलं की दिवसभर गप. आमच्या हिला इचारलं, तिच्याबी कानावर रडं आल्यालं न्हाई. असं गुणी लेकरू गावात न्हाई. आईच त्येला रडवत हुती असं आता मला वाटाय लागलंय. पंच आणा न्हाईतर कलेक्टर आणा, पोरगं मिळायचं न्हाई.

तुमी तिकडं खुशाल ऱ्हावा, आमी हितं हावोच.

आदगोंडा पाटील


॥ श्री ॥
सांगली, ता. २२ नोव्हेंबर १९७६

ती. सौ. आत्याबाई यांच्या चरणी सून चंदनबालाचा शि. सा. नमस्कार.

मामांचं पत्र अण्णांनी मला वाचायला दिलं. रागानं लिहीत नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मला लय राग आलाय. आई गेलेलं लेकरू रडत नाही, असं कधी झालंय का? तुम्ही पाच लेकरं वाढवलीत, तुम्हांला हे खरं वाटलं?

मला कमी ऐकू येतंय हे अजितच्या आधीपासून मला ठाऊक होतं. सांगितलं तर माहेरी धाडाल म्हणून बोलले नाही. त्याला मी कानांनी नाही, डोळ्यांनी सांभाळलं. कुठलंही काम असो, पाळणा माझ्या तोंडासमोर पाहिजे, मान वर केली की त्याचं तोंड दिसलं पाहिजे. त्या दिवशी उजेडाकडं तोंड करून बस, खडे राहतात, असं तुम्ही म्हणालात म्हणून मी वळून बसले. हे मी तुम्हांला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मामांच्या आरडाओरड्यात मला सुचलं नाही.

आणि आत्याबाई, तुम्ही त्या वेळी चुलीपाशी होता. मामा आणि हे भिंतीपलीकडं गिरणीत होते. राहीबाईला रस्त्यावरनं ऐकू आलं ते तुम्हां तिघांना कसं आलं नाही? बहिरी मी एकटीच ठरले, कारण मी सून.

मला परत घेऊ नका, चालेल. पण कामातनं उठून सारखं त्याचं तोंड बघत जा. ऐकू येईल म्हणून थांबू नका. तुमच्या पाया पडते.

आपली,
चंदनबाला


॥ श्री ॥
पलूस, ता. २८ नोव्हेंबर १९७६

रा. रा. जयपाल चौगुले यांस आदगोंडा पाटलाचा जय जिनेंद्र.

चंदनबालाचं पत्र आमच्या हिनं कलगोंडाकडनं वाचून घेतलं आन् मला दावलं. मी ते चुलीत घातलं. सून सासऱ्याला बहिरा म्हणती, म्हणून घातलं. ही बुधवारची गोष्ट.

शुक्रवारी गिरणीत लय गर्दी हुती. पोरगं पाळण्यातनं कवा उतरलं, कवा बाहीर आलं, आमाला पत्त्या न्हाई. इंजनाच्या तापल्या नळीला त्येनं हात लावला. आन् मग माझ्या मागं, हात लांब केला तर लागंल एवढ्यावर, उभं ऱ्हाऊन रडत हुतं. मी दळण वतत हुतो. रांगंतल्या बाया वरडाय लागल्या, मला वाटलं नंबरावरनं भांडत्यात, मी त्यास्नीच दटावलं. शेवटी राहीबाईनं खांदा धरून मला फिरवलं तवा दिसलं. तळहाताला हे एवढालं फोड.

मी इंजन बंद केलं. समदी गिरणी गप झाली, बायाबी गप झाल्या. पोराला उचलून छातीशी धरलं. पावणं, त्येचं तोंड माझ्या कानाला लागलं हुतं. गळ्याच्या शिरा तटतटल्या हुत्या, डोळ्यातनं धारा लागल्या हुत्या, आन् मला कुठंतरी हिरीच्या तळातनं आल्यागत बारीक कायतरी येत हुतं. हिला इचारलं, तुला ऐकाय येतंय का. ती नुस्ती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हाईली. मग कलगोंडाला इचारलं, त्येनंबी न्हाई म्हणून मान हलवली.

डाक्तरनं मलम दिलंय, हात बरा हुईल म्हणाला. डबा मी उकिरड्यावर फेकला, कलगोंडा नळीसाठी खड्डा खणतोय. तुमी सांगितलं म्हणून न्हाई, हे ध्यानात असू द्या. तुमच्यावरचा माझा राग हाय तसाच हाय. काळी म्हणालो ते ऐकून ठेवलासा आन् चार वर्सांनी काढलासा, असला माणूस मी बघितला न्हाई.

उद्याच्या गाडीनं कलगोंडा पोराला आन् हे पत्र घिऊन येतोय. चंदनबालाच्या पदरात घाला. तिला परत धाडा असं मी म्हणत न्हाई. तिचं तिनं ठरवावं, तिच्या नवऱ्याशी बोलून, मी मधी पडणार न्हाई.

लोभ मागाय मला तोंड न्हाई, एकच मागतो. तुमी नवराबायको ऐकणारी माणसं हायसा. राहीबाई म्हणती, पोरगं आता एकदाच रडतंय आन् गप हुतंय, कुणी येत न्हाई हे त्येला कळलंय. तवा पैल्या हाकंलाच उठा.

आदगोंडा