आबांची लाकडी अंडी

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेच आहे, मग पत्र कशाला? कारण आजची गोष्ट नुसतं बोलून भागणारी नाही. गच्चीवरच्या कबुतरांच्या ढाबळीत काळ्या लोटन मादीनं काल दुसरं अंडं घातलं आणि आज सकाळी तुमचे तालमीतले जोडीदार दत्तूकाका टोपली घेऊन दारात हजर झाले. टोपलीत कापूस, वर स्वच्छ धुतलेला रुमाल. मुलगी मागायला आल्यासारखे नीट भांग पाडून आले होते. "चल गं, दे अंडी. तुझ्या बाचा वाण हाय, माझ्या ढाबळीत वाढंल," म्हणाले.

मी दिली नाहीत. उद्या तालमीच्या कट्ट्यावर माझ्या नावानं काय काय बोललं जाईल ते मला ठाऊक आहे. ते तुमच्या कानावर जायच्या आधी माझ्या तोंडून ऐका.

आणि यात निम्मा दोष तुमचाही आहे बरं का. तुमचा आणि त्या कावळ्याचा.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर निम्मी मंगळवार पेठ आली होती. आईनं तुमच्या आवडीचं सगळं मांडलं होतं. भडंग, तिखट रस्सा, बशीत ओतलेला चहासुद्धा. कावळा समोरच्या झाडावर बसून सगळं बघत होता, पण खाली यायचं नाव नाही. तुमची काय इच्छा राहिली असेल म्हणून ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. मी म्हटलं, आईला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. आई म्हणाली, मी रडत बसणार न्हाई. तरी ढिम्म. मग दत्तूकाका पुढं झाले, हात जोडले आणि म्हणाले, "गड्या, तुझ्या लोटनचं घराणं मी चालीवतो. तुझं नाव बुडू देत न्हाई." आणि कावळा सरळ भडंगावर येऊन बसला.

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मी मात्र तुमच्यावर चिडले होते आबा. एवढा वेळ होता, नेमका त्याच वाक्याला कशाला पाठवलात त्याला? तुमच्या मनाविरुद्धची एकच गोष्ट त्या दिवशी बोलली गेली आणि तिच्यावरच शिक्का बसला. तेव्हापासून सगळी पेठ धरून चालली आहे की लोटनची पैदास पुढं चालावी हीच आबांची शेवटची इच्छा.

लहानपणी मी 'लोटनवाल्यांची पोरगी' होते. शाळेत माझं नाव माहीत नसलेल्यांनाही तेवढं माहीत होतं. सणासुदीला तालमीसमोर गोल रिंगण व्हायचं आणि मधोमध तुम्ही. हातात पांढरंशुभ्र लोटन. दोन बोटांत त्याची मान धरून अलगद हलवायची आणि सोडायचं जमिनीवर. की ते मागच्या मागं कोलांट्या मारत सुटायचं. एक, दुसरी, तिसरी, थांबायचंच नाही. धूळ उडायची, शिट्ट्या वाजायच्या. मग तुम्ही ते उचलायचा, डोक्यावर फुंकर घालायचा आणि छातीशी धरायचा. उचललं नाही तर ते लोळून लोळून मरतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, आबांनी त्याला किती छान शिकवलंय.

शिकवलं कुठं होतं? ते त्याच्या रक्तातच होतं. जे पाखरू जास्त लोळतं त्याची जोडी जास्त लोळणाऱ्याशीच लावायची, घरातल्या घरात लावायची, आणि जे नीट चालतं त्याला कुणालातरी देऊन टाकायचं. तुमच्या वडिलांनी हे केलं, तुम्ही केलं. निपाणीपासून माणसं यायची तुमची पिल्लं बघायला. आणि त्या नादात तुमची ऐट काय, चहा गार झाला तरी चालेल, पण पाखराचं वर्णन अर्ध्यावर सुटायचं नाही.

मग ती चक्कर आली.

सकाळी उठताना तुम्ही कूस वळलात आणि कॉटचा दांडा दोन्ही हातांनी धरलात. तालमीच्या मातीत अंग कमावलेला माणूस, आणि घर फिरतंय म्हणून डोळे गच्च मिटून पडलेला. आईनं लिंबू आणलं, मी रिक्षा आणली. राजारामपुरीतल्या त्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला टेबलावर बसवलं, तुमचं डोकं दोन्ही हातांत धरून एका बाजूला वळवलं आणि झटक्यात मागं झोपवलं. तुम्ही ओरडलात. मला वाटलं, घाबरलात. बाई म्हणाल्या, "कानात आत तोल सांभाळायची जागा असते, तिथं बिघडलंय. होईल बरं." पुन्हा एकदा डोकं फिरवलं आणि खरंच पुष्कळ उतार पडला.

येताना बिंदू चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा एकदम म्हणालात, "बाईनं माझी मान कशी धरली बघितलीस न्हवं? मी लोटनची धरतो तश्शी."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

"त्येला असंच हुत असणार की गं. जमीन वर, आभाळ खाली. आन् लोकं शिट्ट्या मारत्यात." मग थोड्या वेळानं म्हणालात, "हौस माझी, चक्कर त्येची. ह्यो कुठला न्याय?"

आबा, तुमच्या लोटनच्या सगळ्या कोलांट्यांपेक्षा मला त्या वाक्याचा जास्त अभिमान आहे. किती माणसं स्वतःच्या दुखण्यातून दुसऱ्याच्या दुखण्यापर्यंत पोचतात? बहुतेक जण बरं वाटलं की गोळ्यांची चिठ्ठी फाडून टाकतात आणि पुन्हा आपल्या नादाला लागतात. तुम्ही घरी आलात, ढाबळीपाशी बसलात आणि त्यानंतर एकाही पाखराची मान हलवली नाहीत.

पण नुसतं न हलवून काय होणार होतं? आजार तर पिल्लागणिक पुढं जाणारच होता. कुणी सुचवलं, जोतिबाच्या डोंगरावर नेऊन सोडा, देवाला वाहिल्यासारखं होईल. तुम्ही फाडकन म्हणालात, "ससाण्याच्या तोंडी देयाचं आन् वर देवाचं नाव घ्याचं?" कुणी म्हटलं, मग माना पिरगाळा. त्याला तर तो जिना उतरेपर्यंत तुम्ही शिव्या घातल्यात. आपण जन्माला घातलंय ते आपणच मरेपर्यंत सांभाळायचं, फक्त नवं घालायचं नाही, एवढाच तुमचा हिशेब.

आणि मग तुम्ही तुमचा धंदा कामाला लावलात. उद्यमनगरच्या फौंड्रीत जन्मभर तुम्ही लाकडी नमुने केलेत. तुमचा नमुना वाळूत दाबायचा आणि त्या खड्ड्यात लोखंड ओतायचं. त्याच हातांनी तुम्ही सागवानाची अंडी घडवलीत. पॉलिश पेपरनं घासलीत, पांढरा रंग दिलात, आत शिसं भरून वजन जुळवलंत. मादीनं अंडी घातली की खरी उचलायची, लाकडी ठेवायची. ठेवण्याआधी मुठीत धरून गरम करायचात. मी विचारलं, "एवढं कशाला? तिला कळतंय होय?" तुम्ही म्हणालात, "फसवायलोयच, तर गार अंडं देऊन कशाला फसवू?"

दुसऱ्या दिवसापासून लोक बोलायला लागले. आबा म्हातारा झाला, आबाचं डोकं फिरलं, बापजाद्याचं घराणं बुडवलं. तुम्ही ऐकून घेतलंत. एवढंच विचारते, दत्तूकाकांना तरी खरं का सांगितलं नाहीत? चक्कर आली म्हणून कॉट धरून पडलो, हे पैलवानकीत बसत नव्हतं म्हणून? तुमच्या त्या अबोल्याची किंमत आज मला मोजावी लागली.

आज सकाळी गच्चीवर काका इरेलाच पेटले होते. "कावळा शिवला त्याचं काय?" म्हणाले. मी म्हटलं, "काका, कावळ्याला भूक लागली होती." ते म्हणाले, "तुझ्या फ्लॅटमधल्या मैत्रिणी चपट्या नाकाची कुत्री पाळत्यात, रात्रभर घोरत्यात ती. त्यास्नी सांग की जाऊन." खोटं नव्हतं ते. मी म्हटलं, "त्यांनाही सांगेन. पण माझ्या गच्चीवर आधी." "आन् गिरेबाज कबुतरं? ती उडीवतोय आम्ही तासन्‌तास, ते चालतंय?" याला मी तुमचंच उत्तर दिलं. तुम्ही म्हणायचात ना, उडणं त्येचं हाय, लोळणं आपलं हाय.

मग मी त्यांना रिक्षातली गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाईंचे हात, कॉटचा दांडा, सगळं. तुमचं गुपित फोडलं, रागवायचं तर रागवा.

काका कठड्याला टेकले. "मला सांगायचं की त्यानं," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "एकदा हातात दे, बघू." मी नर काढून त्यांच्या हातात दिला. काय देखणा दिसत होता तो उन्हात. काकांचा अंगठा सवयीनं त्याच्या मानेकडे गेला, बोट मागून आलं.  पण काकांचा हात तिथंच थांबला. त्यांनी अंगठा काढून घेतला, पाखराच्या पाठीवरनं एकदा हात फिरवला आणि परत माझ्याकडे दिलं.

पटलं का त्यांना? माहीत नाही. जिन्यावरून म्हणालेच, "नाव बुडणार बघ तुझ्या बाचं." पण टोपली रिकामीच नेली.

ते गेल्यावर मी खाली माझ्या शिलाईच्या दुकानात आले, अर्धवट ब्लाऊज तसाच मशीनवर ठेवला आणि तुमची लाकडी अंडी काढली. मुठीत धरून बसले. रंग थोडा उडालाय, पण घाट तोच. चांगली ऊब आल्यावर वर जाऊन बदलली. मादीनं एकदा चोच मारली, मग पोटाखाली सरकवून बसली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हात हळू लाव, तुझा हात शिलाईचा हाय.

आता शब्द देते. ही शेवटची जोडी तिच्या मरणानं मरेल. तोवर दाणापाणी मी बघेन, मांजरापासून मी जपेन, आणि एखादं चुकून लोळायला लागलं तर उचलून डोक्यावर फुंकर घालेन, अगदी तुमच्यासारखी. त्यांची मान कुणाच्या दोन बोटांत जाऊ देणार नाही. पुढं कधीतरी ढाबळ रिकामी होईल. पेठेत कुणीतरी मला हटकून म्हणेल, "लोटनवाल्यांचं घराणं संपलं म्हणायचं."

तेव्हा मी मान ताठ ठेवून सांगेन, "व्हय. आमच्या आबांनी संपवलं."

तुमची,
लोटनवाल्यांची पोरगी