चांदरीचा पान्हा

हिंगोली, ता. ८ जुलै १९३८

ती. सुभद्राआक्का हिस,

संतरामचा प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम. तुला तो चालत नसेल तर आपला जुना शिरसाष्टांग नमस्कार. दोन्हींतला एक ठेवून घ्यावा.

चार वर्षांनी पत्र लिहितो आहे आणि तेही मागायला, याची लाज वाटते. माझी बायको सखुबाई बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी देवाघरी गेली. मुलगी आहे. नाव शालू ठेवले. बाजारातले म्हशीचे दूध तिला पचत नाही, पोटात ठरतच नाही. मिशनच्या नर्सबाई म्हणतात की शेळीचे ताजे दूध मिळाले तर जगेल, नाहीतर सांगवत नाही. इथे शेळीच्या दुधात पाणी घालतात की पाण्यात दूध, ते गवळ्यालाच ठाऊक.

गेल्या रविवारी मिशनच्या देवळात मला तेविसाव्या स्तोत्रावर बोलायला सांगितले. परमेश्वर मेंढपाळ असला की मेंढराला कशाची वाण पडत नाही, असा त्याचा मतलब. मी धनगराचा मुलगा, म्हणून हे स्तोत्र आमच्या पाळकसाहेबांनी मलाच दिले. पहिल्या ओळीपुढे मला जाता आले नाही. दुसऱ्या एका स्तोत्रात एक म्हातारा म्हणतो की सरळ माणसाच्या लेकराला भीक मागताना त्याने कधी पाहिले नाही. मी तर लेकरासाठी पत्र लिहून मागतो आहे. म्हणजे एकतर मी सरळ नाही, किंवा त्या म्हाताऱ्याने हिंगोली पाहिलेली नाही.

एक दुभती शेळी मिळेल का? आपल्या थोरल्या रखमाजीदादाला माझे नाव सांगू नकोस, चिडेल. तुझी माया उरली असेल तेवढी शालूला दे.

तुझा संतराम

॥ श्री ॥

मौजे आखाडा बाळापूर, आषाढ वद्य ५, शके १८६०

चि. संतराम यास सुभद्राआक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र शाळेतले व्यंकटराव मास्तर लिहून राहिले. त्यांना मी म्हटलं, माजं बोलणं सुधारू नका, नाहीतर त्याला वाटंल आक्का बदलली.

तुजी बायको गेली ते ऐकून रडले. तिला एकदाबी पाहिली न्हाई, म्हणून जास्त रडले. दादाला सांगायचं न्हाई म्हणतोस, पण ह्या घरात भाकर जळली तरी दादाला कळते. तो म्हणाला, संतराम किरिस्ताव झाला त्या दिवशी त्याच्या नावानं आंघोळ केली, मेलेल्याला शेळी देत न्हाईत. मी म्हटलं, लेकरू तर जितं हाये. मग तो मेंढरांच्या वाड्याकडं निघून गेला. शेळ्या माज्या, नवऱ्यामागं मला मिळालेल्या, म्हणून मला कुणाला विचारायचं कारण न्हाई.

भावकीतला भुजंग घोंगड्या विकायला हिंगोलीच्या बाजाराला चालला. त्याच्यासंगं माजी चांदरी शेळी पाठवली. संगं माजी जुनी घोंगडी हाये. धार काढताना ती अंगावर घे. चांदरी माज्या हातची हाये, परका माणूस बसला तर पान्हा चोरते.

तुजं स्तोत्र मास्तरांनी मिशनच्या एका जुन्या पुस्तकातून वाचून दाखवलं. लिहिणारा मेंढक्याच हाये. मेंढरू वाहत्या पाण्यात तोंड घालत न्हाई, निवांत पाणी लागतं, हे घरात बसणाऱ्याला ठाऊक नसतं. पण वैऱ्यासमोर ताट वाढतो म्हणतो ते काहून? लांडग्यासमोर कोण चारा घालतं? तुज्या पाळकाला विचार. त्यानं किती मेंढरं राखली तेबी विचार.

लेकराला माजा मुका. आमची आठवण ठेवत जा, आमी ठेवून हाओतच.

तुजी आक्का

हिंगोली, ता. २९ जुलै १९३८

ती. आक्का हिस सलाम आणि नमस्कार, या वेळी दोन्ही.

चांदरी पोचली. भुजंगाने माझ्या घरचे पाणी घेतले नाही, पण शालूला पाहून बराच वेळ उभा राहिला. तिचे नाक माझ्यासारखे आहे म्हणाला, आणि याचे वाईट वाटून घेऊ नका असेही म्हणाला. आठवडाभर चांदरीने भरपूर दूध दिले. शालूने डोळे उघडून पाहायला सुरुवात केली.

मग मी शहाणपण केले. तुझ्या घोंगडीला वास फार. बाळाच्या घरात असे नको, असे नर्सबाई म्हणाल्या. मी घोंगडी सोडा घालून उकळली, दोनदा साबण लावला आणि भिंतीवर वाळवली. आता तिला कसलाच वास नाही. चांदरीने मला त्या घोंगडीत पाहिले आणि पान्हा चोरला. आज चौथा दिवस. मी तिच्याजवळ बसून तेविसावे स्तोत्र म्हटले, तेव्हा तिने भांडे लाथाडले. गावातली सगळी शेरडे माझ्या डोळ्यांसमोर वाढली, आणि मी हे केले.

शालू सातूच्या पाण्यावर आहे. रडण्याचा आवाज बारीक झाला आहे. सखुबाई गेली तेव्हा देवाची मर्जी असे मी चारचौघांत म्हणालो. आता म्हणवत नाही. मला भीती वाटते, आक्का. देव पाखरांच्या पिलांना चारतो असे लिहिले आहे, पण कसा चारतो ते लिहिलेले नाही.

हे पत्र नांदेडच्या लॉरीवाल्याच्या हाती देतो. टपालावर भरवसा नाही. आपली दया असू दे.

संतराम

॥ श्री ॥

बाळापूर, श्रावण शुद्ध ३

संतराम यास आशीर्वाद.

घोंगडी उकळणारा धनगर मी जन्मात ऐकला न्हाई. शेळीला स्तोत्र कळत न्हाई, वास कळतो.

आता ऐक. भांडं बाजूला ठेव. चांदरीचं आचळ कोमट पाण्यानं पूस, लेकराला मांडीवर आडवं घे आणि आचळ थेट त्याच्या तोंडात दे. शेळी हाताला चोरते, तोंडाला चोरत न्हाई. तिचं पहिलं करडू माघात मेलं, ती ओढ तिच्यात अजून हाये. पहिल्यांदा पान्हा सोडणार न्हाई. तीनदा करून बघ, मग चौथ्यांदा.

पत्र तुज्या लॉरीवाल्यासंगंच पाठवते. तो लॉरीत बायामाणसाला बसवत न्हाई म्हणाला, म्हणून मी मागून पायी निघून राहिले. दादा म्हणाला, गेलीस तर जातीचे पंच तुजं पाणी बंद करतील, पंचांत मी हाये, मलाच करावं लागंल. मी म्हटलं, बराबर हाये.

मी येईस्तोवर लेकराला धरून राहा. माया हाये, म्हणून तर शिव्या दिल्या.

आक्का

हिंगोली, ता. १२ सप्टेंबर १९३८

ती. आक्का हिस सप्रेम सलाम व नमस्कार.

तू परत जाऊन आठ दिवस झाले. शालू आता चांदरीला पाहिले की आचळासाठी पाय झाडते आणि माझ्याकडे पाहिले की झोपते. नर्सबाई तिला काट्यावर घालतात आणि स्वतःचीच करामत असल्यासारखी मान हलवतात.

तू महिनाभर अंगणात तीन दगडांवर वेगळी चूल मांडलीस, माझ्या घरचा घोट घेतला नाहीस आणि माझ्या लेकराला क्षणभर खाली ठेवले नाहीस. यातले कोणते धर्माचे आणि कोणते देवाचे, हे मला अजून उलगडत नाही.

काल देवळात ते स्तोत्र शेवटपर्यंत बोललो. मी म्हणालो की मेंढपाळ कोणाच्या पायांनी चालत येतो ते त्यात लिहिलेले नाही. माझ्याकडे तो बारा कोस अनवाणी आला आणि आल्याआल्या मला मूर्ख म्हणाला. पाळकसाहेबांना उपदेश आवडला. फक्त शेळीचा उल्लेख फार झाला म्हणाले.

पंचांनी तुझे काय केले ते कळव. ती चिंता मला झोपू देत नाही. लोभ करतेसच, कमी करू नकोस.

संतराम

॥ श्री ॥

बाळापूर, आश्विन वद्य ३

कै. संतराम यास रखमाजीचा आशीर्वाद.

मास्तर म्हणाले, कैलासवासी माणसाला आशीर्वाद लिहीत नाहीत. मी म्हटलं, लिहा.

सुभद्राचं पाणी महिनाभर बंद होतं. पंचांत मीच बसलो होतो, मीच सांगितलं. तिनं औंढ्याला जाऊन आंघोळ केली, नागनाथाचं दर्शन घेतलं, शुद्ध होऊन आली. आल्या दिवसापासून मेंढरांमागं तुमचं स्तोत्र म्हणून राहिली. तिला म्हटलं, हे बंद कर. ती म्हणाली, मेंढरं शांत बसतात. बसतात, हे मीबी पाहिलं.

सारखं कानावर पडून मला ते पाठ झालं, त्याला माजा इलाज न्हाई. त्याच्या शेवटाला मेंढरू म्हणतं की मी जन्मभर मालकाच्या घरात राहीन. मला वाटलं, लिहिणारा चुकला. मेंढरू वाड्यात राहतं, रानात राहतं, घरात कोण घेतं? चार दिवस विचार केला. घरात एकच घेतात. ज्या कोकराची माय मेली ते. त्याला चुलीपाशी निजवतात, आणि मोठं झालं तरी ते घरातच येतं, कितीबी हाकललं तरी.

दिवाळीच्या पाडव्याला मेंढरांची पूजा हाये. लेकरू घेऊन ये. पंचांना मी सांगितलं, संतराम मेला तो मेलाच, ठराव बदलत न्हाई. पण बिनमायच्या कोकराला घरात घ्यायला ठराव लागत न्हाई. त्याला उचलून आणणारा दारात उभा राहील. उभ्या माणसाला बस म्हणावं लागतं, ही रीत पंचांच्याबी आधीची हाये.

मेलेल्या माणसानं उत्तर लिहू नये. यावं.

रखमाजी