शेडमधली कोरडी जमीन

आबा,

परवा आमच्या सोसायटीमागे भिंत बांधायला घेतली. मिस्त्री तिच्यात पाइपाचे तुकडे बसवत होता आणि शेजारच्या बाई मला विचारत होत्या, एवढ्या चांगल्या भिंतीला भोकं कशाला ठेवतात. मला उत्तर माहीत होतं. मी दिलं नाही. घरात निघून आले. तुम्ही जाऊन तीस वर्षांवर झाली. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं, लिहायची वेळच आली नाही, कारण नाशिकला नोकरीला लागले तरी दर रविवारी इगतपुरीला येतच होते. आज लिहिते.

तुम्ही घाटात कीमन होतात. रोज पहाटे हातोडा खांद्यावर टाकून रुळांवरून चालत जायचं, रूळ जागेवर घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, वरच्या कड्यावर एखादा दगड सुटायच्या बेतात आहे का ते बघायचं. आपली क्वार्टर रांगेतली शेवटची, डोंगराला लागून. मागे डोंगराची माती अडवायला बांधलेली दोन पुरुष उंच भिंत, आणि त्या भिंतीला टेकून जुनी पत्र्याची शेड, जिथे वाफेच्या इंजिनांच्या काळात कोळसा ठेवत. मी नऊ-दहा वर्षांची असताना तुम्ही मला शेडमध्ये नेलं होतं. भिंतीच्या भोकांतून पाण्याच्या बारीक धारा पडत होत्या. तुम्ही एका धारेखाली हात धरलात.

"ह्यातनं पाणी येतंय तोवर काळजी नाय," तुम्ही म्हणालात. "पाऊस चालू हाय आन पाणी थांबलं, तर समजायचं डोंगर भिंतीच्या पाठीवर बसला. मग तिच्यापुढं उभं राहायचं नाय."

मी मान हलवली होती. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

नववीच्या वर्षी मी जिल्ह्याच्या व्हॉलीबॉल संघाच्या निवडीला नाशिकला गेले आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडले. निवड करणाऱ्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हात बरे आहेत तुझे, पण उंची नाही. तू स्मॅशर होणार नाहीस. लिफ्टर होऊन दुसऱ्यांना बॉल उचलून द्यायचा, तर बॉल बोटांवर थांबतो तुझा, तो थांबता कामा नये." घरी येऊन मी जेवले नाही. आई म्हणाली, "खेळून कुणाचं पोट भरलंय?" तुम्ही पुढच्या पगाराच्या आठवड्यात घोटीच्या बाजारातून कातड्याचा एक जुना बॉल घेऊन आलात. त्याची शिवण उसवली होती, ती तुम्ही चांभाराकडून नीट करून घेतली होती. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच म्हणालात.

ते पुढचं वर्ष. शाळेत मुलींना शिकवणारं कोणी नव्हतं. खेळाच्या बाई होत्या, पण त्यांच्याकडे चार शाळांचं काम. म्हणून मी एकटीच. शेडमध्ये भिंतीला सिमेंटचा गिलावा होता, तिथे मी चुन्याने एक गोल काढला, ताटाएवढा. तुम्ही ड्यूटीवर निघालात की मी तिथे जाते. बॉल गोलावर मारायचा, परत आला की बोटांवर न थांबवता पुन्हा गोलावर. दोनशे वेळा. चुकलं की पहिल्यापासून. बोटांची टोकं सुजतात, कोमट पाण्यात मीठ घालून बुडवायची, दुसऱ्या दिवशी परत. उन्हाळाभर हे चाललं आणि जूनपर्यंत माझे हात असे झाले की बॉल आल्याचा आवाजच होईना.

मग आपल्याकडचा पाऊस लागला. शेडमध्ये पाऊस येत नव्हता, पण भिंतीच्या भोकांचं पाणी यायचं. जमिनीवर चिखल, पाय सरकायचे. बॉल खाली पडला की कातडं पाणी प्यायचं आणि दगडासारखा जड व्हायचा. असा बॉल बोटांवर घेतला की तो थांबायचाच, नेमकी तीच खोड. निवड ऑगस्टमध्ये होती. मी रडकुंडीला आले.

एका सकाळी मी शाळेचा जुना निळा स्कर्ट फाडला, चिंध्यांचे बोळे केले आणि गिलाव्यातली खालची चार भोकं गच्च बुजवली. वरून चिकणमाती लिंपली. वरची भोकं वाहत होती, शेडबाहेरचीही वाहत होती. चारच तर बुजवली, असं मी स्वतःला सांगितलं. दोन दिवसांत जमीन वाळली. मी वरून राख पसरली. इतका छान सराव त्या वर्षी कधी झाला नव्हता.

आठ-दहा दिवसांनी बॉल वेडावाकडा यायला लागला. गोलाच्या मध्यावर मारला तरी तो सरळ परत न येता खाली, पायाशी यायचा. मला वाटलं, मनगट चुकतंय. मी दोनशेचे तीनशे केले. मग एक दिवस तांबड्या मुंग्या दिसल्या, पांढरी अंडी तोंडात धरून भिंतीतून निघालेल्या, शेडच्या खांबावरून बाहेर चाललेल्या. ती रांग दोन दिवस संपली नाही. गिलाव्यात केसासारखी एक रेघ आली. तिसऱ्या दिवशी तिच्यात माझं नख जात होतं. शेडमध्ये ओल्या मातीचा वास भरून राहिला, जमीन मात्र कोरडी. मला भीती वाटत होती, आबा. बॉल भिंतीवर आपटला की आवाज पूर्वी खणखणीत यायचा, आता भरलेल्या पोत्यावर थाप मारावी तसा यायचा. पण निवडीला चार दिवस उरले होते. नाशिकहून आले की काढून टाकू, असं मी ठरवलं.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही सरपण घ्यायला शेडमध्ये गेलात आणि रिकाम्या हाताने परत आलात.

"आतली जमीन कोरडी कशी?" तुम्ही विचारलंत.

"मी राख टाकली," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मी पिशवी भरत होते, मान वर केली नाही. "भिंतीला पोट आल्यासारखं वाटतंय," तुम्ही आईला म्हणालात. "उजेडी बघतो."

सकाळी तुम्ही मला स्टेशनवर सोडायला आलात. पाऊस असा की समोरचा फलाट दिसत नव्हता. खेळाच्या बाई आणि दोन मुली आधीच डब्यात बसल्या होत्या. तुम्ही खिडकीशी उभे. "आज दहाची ड्यूटी हाय," तुम्ही म्हणालात. "त्याच्या आधी ती भिंत बघून घेतो." तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मला वाटलं, आत्ता सांगितलं तर तुम्ही मला खाली उतरवाल. गाडी हलली. तुम्ही हात वर केलात, मीही केला.

नाशिकला पाऊस कमी होता. मैदान ओलं, पण उभं राहता येत होतं. त्या दिवशी माझ्या बोटांवर एकही बॉल थांबला नाही. उंच मुली उड्या मारत होत्या आणि मी त्यांना हवा तिथे, हवा तेवढा बॉल वर देत होते. मागच्या वर्षीचेच सर. त्यांनी यादी वाचली, त्यात माझं नाव. मी यादीतल्या मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तेवढ्यात मैदानाच्या ऑफिसमधला माणूस बाईंना शोधत आला. इगतपुरी स्टेशनवरून फोन होता. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, क्वार्टरमागची भिंत पडली, वडील सापडले, जिवंत आहेत, आपण निघू या. आणि आम्ही निघालो.

शेडच्या पत्र्याने दगड अडवले म्हणून तुम्ही वाचलात, असं सगळे म्हणत होते. डावा पाय घोट्यापासून चिरडला होता. दवाखान्यात तुम्ही पांढरेफटक पडला होतात. आईने तुमचे ओले कपडे पिशवीत भरले होते. घरी येऊन मी ते धुवायला काढले, तर पँटच्या खिशात निळी चिंधी. एकच. बाकीच्या तीन तुम्ही काढायच्या आधीच भिंत आली असणार. मी ती चिंधी चुलीत टाकली.

चार दिवसांनी चौकशीला साहेब आले. मी तुमच्या उशाशी होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही तिथे काय करत होता? भोकं बुजलेली होती का?"

"घुशींनी माती ओढली व्हती साहेब," तुम्ही म्हणालात. "ती काढत व्हतो."

"फक्त माती?"

"फक्त माती."

त्यांनी लिहून घेतलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मला वाटलं, ते गेल्यावर तरी बोलाल. तुम्ही पाणी मागितलंत.

घाट तुमचा त्या दिवशी सुटला. पुढे फाटकावरच्या खोलीत बसायचं काम मिळालं, काठी आयुष्यभराची झाली. पाऊस लागला की पाय ठणकायचा आणि तुम्ही तो दोन्ही हातांनी धरून बसायचात. मी जिल्ह्याकडून खेळले, नंतर विद्यापीठाकडून, आणि खेळाडूंच्या राखीव जागेवर मला कचेरीत नोकरी लागली. तुम्ही एकदाच सामना बघायला आलात, सायखेड्याला. उभं राहवत नव्हतं म्हणून कोणीतरी खुर्ची दिली. परतीच्या एस्टीत तुम्ही म्हणालात, "बॉल थांबत नाय आता तुझ्या बोटांवर." मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग धीर करून म्हणाले, "आबा, ती शेडची भिंत..." तुम्ही मध्येच म्हणालात, "त्या साली पाऊस लय झाला." आणि डोळे मिटलेत. पुन्हा मी तो विषय काढला नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात आई बुद्धवंदना म्हणत बसलेली असायची, मी पायाशी. तेव्हाही नाही.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. बाकीचं सगळं तुम्हाला माहीत होतं, हे नव्हतं. त्या दिवशी मैदानावर बाईंनी मला बाजूला घेऊन तुमच्याबद्दल सांगितलं, तेव्हा मी तुम्हाला किती लागलंय ते विचारलं नाही. मी विचारलं, "बाई, आत्ता गेले तर माझं नाव काढतील का?" बाईंनी माझी पिशवी उचलली आणि पुढे चालू लागल्या.