ठिपके आधी, वाक्यं मागून

ती. मामांना,

हात रंगाने बरबटलेले असल्यामुळे भाच्याचा कोपरापासून जोडलेला नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचा राग गेला का? (गेला नसेल तर माझं पत्र आलंय हे तिला एवढ्यात सांगू नका.) मी खुशाल आहे म्हणायचं, पण इंग्रजी भाषेने माझा जीव नकोसा केलाय. तुम्ही जन्मभर शाळेत तीच शिकवलीत, म्हणून हा संतापही तुमच्याकडेच पाठवतोय.

बेकरी सोडली. (त्याआधीचा फोटो स्टुडिओ कसा सुटला ते पुन्हा कधीतरी, त्यात माझी चूक फारशी नव्हती.) आता बोर्ड रंगवणाऱ्याच्या दुकानात आहे, आणि मामा, हसू नका, इथे मला टिकायचंय. सध्या माझ्याकडे फळ्या घासणं आणि ठिपके, म्हणजे कॉमा-फुलस्टॉप, देणं. अक्षरांना हात लावायचा नाही. पण हाती आलेला एका शाळेचा बोर्ड नीट पार पडला तर मालक अक्षरांचा ब्रश माझ्या हाती देणार आहेत. नाही पडला तर दुसरीकडे बघ म्हणाले.

तर त्या शाळेच्या मोठ्या बाईंना सभागृहात लावायला इंग्रजी वाक्यरचनेच्या नियमांचा बोर्ड हवा होता. ते नियम वाचूनच माझं डोकं फिरलं. आपलं क्रियापद कसं, सगळ्यांचं ऐकून घेतं आणि शेवटी बोलतं. इंग्रजीत कर्त्याने तोंड उघडलं रे उघडलं की हे मध्ये टपकलंच! ‘मी’ वाक्यात कुठेही असो, त्याला मोठं अक्षर. ‘तू’ला मात्र साधं. ही काय रीत झाली? आणि तो कॉमा! फुलस्टॉप निदान एकदा बसला की गप्प बसतो. कॉमाला शेपूट हवं, ते डावीकडेच वळायला हवं, आणि जरा जाड झालं की बेडकाचं पिल्लू. (बेडकांवरून आठवलं, तुमच्या विहिरीचा पंप दुरुस्त झाला का? असो.)

आता आमची पद्धत ऐका. मालक डावखुरे. ओल्या रंगावरून हात फिरू नये म्हणून ते ओळ शेवटापासून धरतात आणि उलटे सरकत पहिल्या अक्षराला येतात. त्यांच्याआधी मी कागदावरच्या आखणीवरून साऱ्या बोर्डाचे कॉमा-फुलस्टॉप रंगवून ठेवायचे. ठेवले. ऑइल पेंट, खडखडीत वाळला. पांढऱ्याशुभ्र बोर्डावर नुसते ठिपके, जशा काही माश्याच बसल्यात. आणि नेमका तेव्हा बाईंचा निरोप आला, की वाक्यं फार लांबली आहेत, रद्द करा, दुसरी छोटी देते!

मी म्हटलं, ठिपके पुसू. तर मालक म्हणाले, "पुसलं की पांढरा काळवंडतो. ठिपका हलत नसतो. वाक्य हलव."

"अहो, वाक्य बाईंचं आहे."

"मग बाईंना हलव."

बाई काय हलतात! म्हणून मीच कागदावर ठिपक्यांच्या मापाने त्यांची छोटी वाक्यं जुळवली. जागा उरली तिथे एक ‘व्हेरी’ घातला, तरी उरली तिथे आणखी दोन. बाई दुकानात आल्या, चष्मा वर सारून म्हणाल्या, "अरे, हे वाक्य आहे की मालगाडी?" म्हणजे त्यांनी लांबण लावली तर ते व्याकरण, आणि मी लावली तर मालगाडी! शेवटी मालकांचा उतरलेला चेहरा बघून विरघळल्या. ठिपके राहू द्या, नियम कोणत्याही वाक्यांत सांगा, पण वाक्यं शुद्ध हवीत आणि जाणत्या माणसाने तपासलेली हवीत, एवढंच बोलून गेल्या.

बोला, यात माझा काय दोष? ज्या भाषेत श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा लिहून द्यावं लागतं, तिच्यात माणूस गुदमरणार नाही तर काय!

तुमचा (अजून ठिपक्यांवरच असलेला)
भाचा

ता. क. : सोबत वर्तमानपत्रावर बोर्डाचे ठिपके उतरवून पाठवतोय. त्यांच्यात नेमकी बसतील अशी शुद्ध वाक्यं शनिवारच्या आत पाठवा. तिसऱ्या ओळीत दोन कॉमांच्या मध्ये जेमतेम चार बोटं जागा आहे, तिथे जपून.

आणखी एक : वर इंग्रजीला जे बोललो ते मनावर घेऊ नका. तुम्ही शिकवलीत म्हणजे भाषा चांगलीच असणार.

आणि हे शेवटचं : मालकांना रिकामं बसवत नाही. त्यामुळे खाली उजव्या कोपऱ्यात ‘तपासणारे’ म्हणून तुमचं पूर्ण नाव रंगवून झालंय. बाईंनी ते पाहून मानही डोलावली. नावापुढे पदवीसाठी मी एक कॉमा देऊन ठेवला होता. त्याच्यापुढे चांगली वीतभर जागा आहे. तेवढी लांब पदवी तुमच्याकडे नसेल, तर घेऊन टाका.